मॉन्टगोमेरी की नॅशव्हिल? शिबिरातल्या दोन तासांसाठी

अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्धचा अहिंसक लढा मुलांना सांगायचा आणि प्रसंग एकच घ्यायचा, तर निवड बहुधा या दोघांत होते: मॉन्टगोमेरीचा बस-बहिष्कार किंवा नॅशव्हिलचा बैठा सत्याग्रह. नववी-दहावीच्या शिबिरांत मी दोन्ही घेऊन पाहिले आहेत.

मॉन्टगोमेरीत सांगण्यासारखं भरपूर आहे. बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे; ती न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी बसने जाणंच थांबवलं. ३८१ दिवस माणसं पायी चालली, एकमेकांना गाड्यांतून नेत राहिली. जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रकं काढली. जॉर्जिया गिलमोर यांनी जेवण आणि केक विकून पैसा उभा केला. आंदोलन रोज कशावर चालतं, ते इथे फार छान उलगडतं.

पण मला दरवेळी एकच गोष्ट खुपत राहिली. शेवटी काय आठवतं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "रोझा पार्क्स दमल्या होत्या, म्हणून उठल्या नाहीत." त्या नागरी हक्कांच्या संघटनेचं काम कित्येक वर्षं करत होत्या, अटकेआधी काही महिनेच कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर स्कूलच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या, मार्च १९५५ मध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनलाही जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती, हे सगळं मी सांगतो. मुलं लिहून घेतात. मनात मात्र दमलेली बाईच राहते आणि तयारी पुसली जाते.

नॅशव्हिलची गोष्ट तयारी गाळून सांगताच येत नाही. अहिंसेचं शिक्षण देणारे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जेम्स लॉसन त्याआधी आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते. मॉन्टगोमेरीची बातमी त्यांनी तिथेच वाचली. पुढे नॅशव्हिलच्या चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांकडून तालीम करून घेतली. काहींनी गोरे गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, ढकलायचं. बाकीच्यांनी हात उचलायचा नाही. १३ फेब्रुवारी १९६० ला कृष्णवर्णीयांना जिथे बसवून वाढत नसत, त्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर मुलं जाऊन बसली. पुढच्या दिवसांत मार बसला, अटका झाल्या, तरी रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर दुसरी मुलं येऊन बसत. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या नेत्या डायन नॅश यांनी महापौरांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं, हा भेदभाव चूक आहे ना? त्यांनी कबूल केलं. १० मे ला सहा दुकानांनी कृष्णवर्णीयांना काउंटरवर वाढायला सुरुवात केली.

ही तालीम मी वर्गात करून घेतो. बोलायचे शब्द आधी ठरवून देतो. जात, रंग, घरची परिस्थिती यांवर एक अक्षर नाही. वही ओढणं, खुर्ची हलवणं, बस. तरी पाच मिनिटांत कुणाचा ना कुणाचा हात उठतोच. मग "हे शिकावं लागतं, सर" हे मुलंच म्हणतात, मला सांगावं लागत नाही.

माझा अनुभव चार-पाच शिबिरांचाच. ऐकणारी मंडळी मोठी असतील, किंवा हाताशी तासभरच असेल, तर मॉन्टगोमेरी कदाचित बरं पडेल. वर्गणी, वाहनं, कोर्ट हे सगळं त्यात आहे. या मे महिन्यात मी मात्र नॅशव्हिलच घेणार आहे. सामान फारसं लागत नाही, एका रांगेत सहा खुर्च्या पुरतात.