फ्लेम एंजलची ‘बॉन्डेड ट्रायो’ घेताय? माझे ४९,५५० गेले, आधी हे वाचा

घरच्या सॉल्टवॉटर टँकमध्ये एकापेक्षा जास्त ड्वार्फ एंजल (लहान, रंगीत समुद्री मासे, फ्लेम एंजल त्यातलाच) ठेवायचेत त्यांनी हे वाचाच, कारण ज्याने मला ‘बॉन्डेड ट्रायो’ (एकमेकांशी जमलेले एक नर, दोन माद्या) म्हणून मासे विकून फसवलं तो अजूनही विकतोय, फक्त नंबर बदललाय. इतका संताप आलाय की लिहिताना पण हात थरथरतोय.

आधी एक सांगतो, मी काही दुकानात जाऊन ‘ते लालवालं द्या’ म्हणणारा माणूस नाही. टँक चार बाय दोन बाय दोनचा, साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी, चिलर आहे, सिरॅमिक रॉकच्या कपारी आणि भुयारं मुद्दाम एंजलसाठीच रचलेली. ड्वार्फ एंजल एकमेकांना जगू देत नाहीत हे मला चांगलं माहीत होतं, म्हणूनच तर सुटे मासे न घेता जमलेला ग्रुप शोधत होतो. हे मासे आधी सगळे मादी असतात, त्यातला जो मोठा आणि दांडगा तो नर होतो, मग एक नर आणि त्याच्या दोन-चार माद्या असा कारभार एका जागेवर चालतो. समुद्रात हे आपलं आपण जमतं कारण हरलेल्याला पळायला जागा असते, टँकमध्ये दोन नर एकत्र आले की एकाचा मुडदाच पडतो. त्यामुळे आधीच जमलेल्या एक मेल दोन फीमेलला कोणीही जास्त पैसे मोजेल, आणि त्या भामट्याला नेमकं हेच ठाऊक होतं.

ट्रायोचे ४२,०००. पॅकिंग आणि एअर कार्गो २,८५०. वर ऐनवेळी ‘कॉपर ट्रीटमेंट चार्ज’ म्हणून १,५००. हा चार्ज मला पटला, कारण ड्वार्फ एंजलना कॉपर, म्हणजे परजीवी मारायचं तांब्याचं औषध, फार सोसत नाही, जपून द्यावं लागतं, आणि माणूस बोलत होता अगदी जाणकारासारखा. सर सर करून, माझ्या टँकची सॅलिनिटी विचारून, फिल्टरची चौकशी करून. असा माणूस चोर असेल असं कोणाला वाटेल सांगा.

आता पैसे घेण्याआधी त्याने पाठवलेला तो व्हिडिओ. हाच व्हिडिओ मी आता रात्री-रात्री बघत बसतो. तिन्ही मासे एका फ्रेममध्ये, भडक केशरी अंग, काळे उभे पट्टे, कोणी कोणाच्या मागे लागत नाही, सगळं शांत. आणि मधोमध एक बोटाच्या पेराएवढी गोगलगाय. पुढच्या काचेवर नाही, दगडावर नाही, पाण्यात अधांतरी, कडेने दिसतेय. डावीकडचा मासा तिच्यापर्यंत येतो आणि वळतो. उजवीकडचा पलीकडून तिच्यापर्यंत येतो आणि वळतो. परत येतो, परत वळतो. तिथे आरपार दिसणाऱ्या ॲक्रेलिकची शीट होती हो! टँकचे कप्पे केलेले होते, प्रत्येक कप्प्यात एक मासा, आणि गोगलगाय त्या शीटवर चढलेली. फोनच्या स्क्रीनवर, त्या निळ्या एलईडीत, मला ती मागच्या दगडावर बसल्यासारखी वाटली. हा व्हिडिओ मी हॉबीतल्या जुन्याजाणत्या मित्रांनाही दाखवला होता, त्यांनाही काही दिसलं नाही. मी विकणाऱ्याला म्हणालो पण होतो की तिघं एकत्र खातानाचा एक व्हिडिओ पाठवा, तर म्हणे सर आता लाईट ऑफ झाली, उद्या देतो, पण दुसरी पार्टी टोकन देतेय तुम्ही बघा. एकत्र खातानाचा व्हिडिओ आल्याशिवाय एक रुपया टाकू नका, मग दुसरी पार्टी खड्ड्यात जाऊ दे.

बॉक्स आला, मासे जिवंत, तीन वेगवेगळ्या पिशव्यांत. त्यात काही वावगं नाही, मासे असेच पॅक करतात. पण दोघं अगदी एकाच मापाचे, आणि दोघांच्याही वरच्या आणि खालच्या पराच्या मागच्या टोकाला गडद निळ्या रेघा. नराला तो निळा जास्त असतो. दोन्ही नर! तिसरा बारका, पोट आत गेलेलं. लाईट बंद ठेवून सोडले, दुसरा उपाय तरी काय होता, माझ्याकडे लगेच तीन वेगळे टँक कुठून येणार. सकाळी बघतो तर एकाची शेपटी कुरतडून नुसते काटे राहिलेले, बिचारा हीटरच्या मागे उभा अडकून धापा टाकतोय आणि दुसरा तिथेच पहारा देतोय. जाळी टाकून वेगळा केला पण गेला तो. बारक्याने शेवटपर्यंत अन्नाला तोंड लावलं नाही, तोही गेला.

फोन केला तर म्हणे तुमच्या पाण्यातच प्रॉब्लेम. मी टेस्टचे फोटो पाठवले. मग सूर एकदम मऊ, ‘सर रिप्लेसमेंट देतो, फक्त कार्गोचे ३,२०० टाका’. टाकले, कारण ४६,३५० आधीच अडकलेले होते आणि माणूस त्या वेळी ते वाचवायलाच बघतो. पुढे ना बॉक्स ना उत्तर. पोलिसात जातो म्हणालो तेव्हा खरा रंग दाखवला, ‘टँकमध्ये कोरल आहे ना तुमच्या, फॉरेस्टवाल्यांना कळवू का?’ आणि ब्लॉक.

ही धमकी नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बनवणारं कोरल (प्रवाळ) शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, ते ठेवणं गुन्हा आहे. किती तरी जणांच्या टँकमध्ये ते लपूनछपून असतं, म्हणून फसले तरी कोणी तोंड उघडत नाही, आणि याचं दुकान त्याच भीतीवर चालतं. माझ्याकडे कोरलचा एक तुकडा नाही, म्हणून मी गेलो.

आणि गेलो तर काय! चौकीत पहिला प्रश्न, ‘खायचे होते का पाळायचे?’ मग सगळे हसले. मग मलाच विचारलं, हे मासे ठेवायचं लायसन आहे का तुमच्याकडे! फसलो मी, पैसे गेले माझे आणि लायसन मला विचारतात. मग म्हणे समोरचा दुसऱ्या राज्यातला, आमची हद्द नाही. अहो, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायलाच लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे मी सांगितलं तर ‘तुम्ही वकील आहात का?’ सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथले साहेब म्हणाले माल मिळाला ना, मग ही फसवणूक नाही, सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. खोटं दाखवून पैसे उकळणं फसवणूक नाही तर काय आहे? जुनं ४२०, आताच्या न्याय संहितेचं कलम ३१८, ते कशासाठी ठेवलंय मग? आणि ते ३,२०० तर माल न देताच घेतले, त्याचं काय, यावर गप्प. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलाय. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं, ते खातं कोणाचं हे सांगायला बँक तयार नाही, आणि पोलीस म्हणतात आधी बँकेतून माहिती आणा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हे खरं, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि त्याचाच पत्ता नाही. प्रत्येक टेबलावर मीच गुन्हेगार असल्यासारखा उभा. घरी बायको काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

पैसे गेल्यागेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, समोरच्याशी वाद घालत बसू नका, तेवढ्या वेळात तो पैसे पुढे फिरवतो. यूपीआयवरचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा. बिल मागा, जीएसटी नंबर मागा. कोणी फ्लेम एंजल लक्षद्वीपचा आहे म्हणाला तर फोन ठेवून द्या, हा मासा पॅसिफिकचा, आपल्याकडे समुद्रात मिळतच नाही. ग्रुप करायचाच असेल तर एक ठळकपणे मोठा आणि बाकीचे त्याच्यापेक्षा लहान असेच घ्या, सगळे एकाच वेळी सोडा, एकाच मापाचे दोन कधीच नको.

आणि अधांतरी गोगलगाय असलेला हा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल तर डिलीट करू नका. चॅट, नंबर, यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. मी परत तक्रार देतोय, या वेळी लेखी, आणि सोबत अजून चार फसलेले लोक उभे राहिले तर पोलिसांना हसता येणार नाही.