परदेशी पार्सलची ओपन डिलिव्हरी: पुण्यातल्या एका पोस्टाचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक तारा काउंटरवरच्या पहिल्या पाच मिनिटांमुळे गेला, उरलेले चार त्यानंतरच्या पाऊण तासाचे.

माझी मुलगी जर्मनीत असते. तिने लोकरीचे सहा गुंडे, माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणि नातीच्या पावलांचे ठसे घेतलेलं कार्ड पाठवलं होतं. पोस्टमन घरी आले ते चिठ्ठी घेऊन: कस्टम ड्यूटी भरा आणि पार्सल घेऊन जा. 'गिफ्ट' लिहिलं की ड्यूटी लागत नाही अशी मुलीची समजूत होती. ती सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली. भेट म्हणून आता फक्त जीवरक्षक औषधं आणि राख्या सोडतात, बाकी सगळ्यावर पूर्ण ड्यूटी.

भर पावसात रिक्षा करून गेले. खोका समोर आला तेव्हा एका कडेची मूळ चिकटपट्टी कापलेली, तिच्यावर दुसरी पट्टी आणि शिक्का. रांगेतल्या एक बाई हळहळल्या, "अहो, फोडलंय की हे!" मला त्याचं वाईट वाटलं नाही. परदेशातून आलेली वस्तू कस्टम्सपुढे ठेवायची असते. 1898 चा पोस्टाचा कायदा जाऊन 18 जून 2024 पासून नवा लागू झाला, त्यातही ही तरतूद आहे. मला खटकलं ते वजन. सीएन 23 या कस्टमच्या फॉर्मवर 2.350 किलो लिहिलेलं आणि काट्यावर 2.290. तेही वाकून बघावं लागलं, कारण काट्याचे आकडे फक्त क्लार्कच्या बाजूला दिसतात.

"आधी सही करा, मग घरी जाऊन बघा," क्लार्क म्हणाले.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून. नोटा मोजल्याशिवाय मी कधी सही केली नाही. सही म्हणजे माल पूर्ण मिळाल्याची कबुली. मी पोस्टमास्तरांना भेटायचं म्हटलं.

इथून पुढे जे झालं त्यासाठी हे लिहायला बसले. पोस्टमास्तरांनी आत बोलावून खुर्ची दिली आणि स्वतःच म्हणाले, "ओपन डिलिव्हरी करू या, म्हणजे सही करण्याआधी इथेच सगळ्यांसमोर उघडून बघू." टेबल पूर्ण रिकामं केलं. साक्षीला आणखी एक कर्मचारी बोलावला. पार्सलचा तेरा अक्षरी नंबर, सुरुवातीच्या सीपासून शेवटच्या डीईपर्यंत, मोठ्याने वाचला. वजन पुन्हा घेतलं, या वेळी मला आकडा दिसेल असा काटा फिरवून. पट्टी कुठे कापली आहे, शिक्का शाबूत आहे का, हे लिहून काढलं. मग खोका उलट्या बाजूने उघडला, म्हणजे शिक्क्याला धक्का लागला नाही. एकेक वस्तू बाहेर काढून फॉर्मवरच्या यादीशी ताडून बघितली. गुंडे सहा, पट्टा एक, कार्ड एक. मुलीने पाठवलेल्या फोटोत सगळ्यावर फुगेवाल्या प्लॅस्टिकची घडी होती, तेवढी नव्हती. साठ ग्रॅमचा हिशोब लागला. तेही त्यांनी नोंदवलं, मग तिघांच्या सह्या झाल्या.

मी विचारलं, कस्टम्सकडे हे उघडतं कोण? ते म्हणाले, उघडतात आणि पुन्हा बांधतात पोस्टाचेच लोक, कस्टम अधिकारी फक्त तपासतो. नियमांतच तसं आहे: पार्सल सतत पोस्टाच्या ताब्यात राहतं आणि तपासणीनंतर त्यावर वेगळं ओळखू येणारं सील लागतं. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. एकट्याच्या हाती काही द्यायचं नाही, हीच रीत इथेही बघून मला फार बरं वाटलं.

त्या पोस्टाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. काट्याचे आकडे गिऱ्हाईकाला दिसू द्या. आणि ओपन डिलिव्हरी मागता येते हे काउंटरवर मराठीत लिहून लावा. माझ्या मागच्या आजोबांचं पाकीट ओलं होऊन एका कोपऱ्यात फाटलं होतं, तरी ते सही करून निघाले होते. मी त्यांना थांबवलं.

मुलीला आता सांगून ठेवलंय: फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' नको. लोकरीचे गुंडे किती, एकेकाचं वजन किती, किंमत किती, सगळं लिही, आणि प्लॅस्टिकची घडीसुद्धा.