ऑफिस पीसीचा एसएमपीएस गेला: कन्व्हर्टर केबल की मूळचाच?

फोंड्यात लग्नपत्रिका आणि नाटकांची हँडबिलं करणाऱ्या माझ्यासारख्यांकडे पीसी असतात ते कंपन्यांनी मोडीत काढलेले, ब्रँडेड. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, हमखास चवथीच्या तोंडावर जातो. मग दुकानदार सांगतो, "साधा एसएमपीएस घाला, वर कन्व्हर्टर लावा." कन्व्हर्टर म्हणजे एसएमपीएसचा प्लग वेगळ्या सॉकेटला जुळवणारी केबल. लावावा का?

आधी मदरबोर्डच्या वीज घेणाऱ्या मुख्य सॉकेटच्या पिना मोजा. 24 पिनांचा असेल तर प्रश्नच मिटला, साधा एटीएक्स (सर्रास मिळणाऱ्या मापाचा) एसएमपीएस थेट बसतो. 20 पिनांचा जुना प्लगही त्यात एका कडेने बसतो आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर बहुधा चालून जातो. 20 ते 24 ची केबल घेऊन काही वाढत नाही; तारा त्याच, फक्त फोडून वाटलेल्या.

खरा पेच डेल ऑप्टिप्लेक्स 9020 (8 पिन) किंवा एचपी एलिटडेस्क 800 जी1 (6 पिन) अशा मशीनचा. हे बोर्ड मुख्यतः 12 व्होल्टवर चालतात, 5 आणि 3.3 व्होल्ट स्वतः तयार करतात. इथे साधा एसएमपीएस घालायचा तर कन्व्हर्टर हवाच, आणि तो त्याच मॉडेलचा हवा. पिनांची संख्या जुळली म्हणून तारांचा क्रम जुळतो असं नाही. शिवाय काही बोर्डांना पीसी बंद असतानाही 12 व्होल्ट लागतात, एटीएक्स तेव्हा 5 च देतो. अशा केबलमध्ये व्होल्टेज चढवणारं छोटं सर्किट असतं. ते नसलेली स्वस्त केबल लावली की बटण दाबत बसा.

मूळचा, म्हणजे कंपनीचा त्याच मॉडेलसाठीचा, एसएमपीएस घेतला तर ही कटकट नाही, पण बहुतेकदा मिळतो तो वापरलेलाच. त्याचं किती आयुष्य उरलंय ते विकणाराही सांगू शकत नाही. साधा मात्र नवा, वॉरंटीसह, म्हापसा-मडगावात त्याच दिवशी हातात.

तरी माझा कौल कॅबिनेट बघून. टॉवर असेल तर नवा एसएमपीएस आणि कन्व्हर्टर. चपटं असेल तर मूळचाच, कारण एटीएक्सचा 150 मिलिमीटर रुंद डबा आत मावत नाही. मग तो बाहेर ठेवून झाकण उघडं, आणि आपल्याकडच्या जून-जुलैत उघडं झाकण म्हणजे पिनांवर हिरवा थर, आत मुंग्या, क्वचित पालही.

प्रोसेसरच्या 4 पिनांसाठी साटा प्लगवरून (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) निघणारा कन्व्हर्टर मात्र कुणी फुकट दिला तरी नको. साटाच्या 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. 65 वॅटचा प्रोसेसर पूर्ण भाराला साडेपाचाच्या आसपास ओढतो. माझ्याकडे असा एक लावला होता. मोठी फाईल उघडली की जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा, आणि मी आठवडाभर शेजारच्या वेल्डिंगवाल्याला दोष देत होतो.