कुरडईसाठी पितळी सोऱ्या: काय पाहून घ्यावा, कुणी घ्यावा

चकली बहुतेक सगळ्याच सोऱ्यांतून पडते. सोऱ्याचा कस लागतो तो चैत्र-वैशाखात, कुरडया घालताना. चकलीचं पीठ थंड असतं, मध्येच फोन आला तरी ते वाट बघतं. कुरडईचा चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचं शिजवलेलं सत्त्व, हाताला चटके देणारा असतानाच दाबावा लागतो. निवला की तो आळतो, आणि आळलेला चीक बारीक जाळीतून ढकलताना दांडा तरी वाकतो, नाहीतर त्याचे आटे (पेचाच्या खाचा) तरी झिजतात. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार चकलीच्या गोष्टी सांगून सोऱ्या विकतो. तिकडे लक्ष न देता उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून निवड करावी.

हे परीक्षण आट्यांच्या पितळी सोऱ्याचं आहे. वर फिरवायची मूठ, आट्यांचा दांडा, त्याच्या टोकाला दट्ट्या, खाली नळकांडं आणि जाळी बसवायचं पेचाचं झाकण. चांगल्या सोऱ्याचं वजन किलोच्या आसपास भरतं. पुण्यात तुळशीबागेत, नाशिकला भांडी बाजारात, मुंबईत तांबाकाट्याच्या बाजूला पितळी भांड्यांची दुकानं आहेत. तिथे जाऊन हाताळून घ्यावा. फोटो बघून घरपोच मागवण्याची ही वस्तू नाही, कारण तिचे दोष फोटोत दिसत नाहीत.

पहिली तपासणी दट्ट्याची. दांडा फिरवत दट्ट्या नळकांड्याच्या तळापर्यंत न्यावा आणि भोवतीची फट पाहावी. पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट हवी. त्याहून जास्त असेल तर चीक जाळीतून खाली उतरण्याऐवजी कडेने वर चढतो, दट्ट्याच्या पाठीवर साचतो आणि पुढच्या भरणीच्या वेळी सगळा सोऱ्या उलटा खरवडत बसावं लागतं. स्वस्त सोऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच असते, आणि तिच्यावर घरी उपाय नाही. दट्ट्या दांड्याला पक्का झाळलेला नसून रिव्हेटवर किंचित सैल फिरणारा असला तर उत्तम. दांडा फिरतो, दट्ट्या मात्र न फिरता सरळ खाली येतो. चिकाला पीळ बसत नाही आणि मनगटालाही आराम पडतो.

मग आटे. दांडा वरपासून खालपर्यंत पूर्ण फिरवून बघा. मध्ये कुठे अडला किंवा डुगडुगला तर तो बाजूला ठेवा. रुंद आट्यांचा सोऱ्या भराभर उतरतो पण जोर जास्त मागतो. बारीक आट्यांचा हलका फिरतो पण वेळ खातो. कुरडईत वेळ महत्त्वाचा, त्यामुळे रुंद आटे बरे.

‘मोठा घ्या, एकदम जास्त मावेल’ हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नये. नळकांड्याचा आतला व्यास ६ सें.मी.चा ७ सें.मी. झाला की दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ३५ टक्क्यांनी वाढतं, आणि लागणारा जोरही त्याच प्रमाणात. सहाच्या आसपासचा सोऱ्या एकटी बाई आरामात फिरवू शकते. सातच्या पुढचा असेल तर एकाने नळकांडं धरायचं आणि दुसऱ्याने मूठ फिरवायची, अशी वेळ येते.

जाळ्या बघताना बोट फिरवून पाहावं. छिद्रांच्या कडेला खरखर लागली तर धारा फाटतात. खरखर एकाच बाजूला असेल तर गुळगुळीत बाजू खाली, म्हणजे चीक बाहेर पडतो तिकडे ठेवावी. कुरडईला साधारण २ मि.मी.ची छिद्रं योग्य. बारीक शेवेच्या जाळीतून घातलेली कुरडई वाळताना तुटते आणि डब्यात तिचा चुरा होतो. जाड गाठीच्या जाळीतली तळताना बाहेरून फुलते, आतून कडक राहते.

आता पितळच का? स्टीलचा सोऱ्या धुवायला सोपा, कळकत नाही (आंबटाने त्याला हिरवट कळक चढत नाही), आणि जाड पत्र्याचा मिळाला तर खुशाल घ्यावा. अडचण अशी की बाजारात पातळ पत्र्याचेच जास्त दिसतात आणि त्यांचे आटे गरम, घट्ट चिकापुढे टिकत नाहीत. अॅल्युमिनियमचे आटे त्याहून लवकर झिजतात, शिवाय मिठाच्या, किंचित आंबूस चिकात काळपट रंग उतरतो. बंदुकीसारखा चाप असलेला सोऱ्या नानकटाईपुरता ठीक. लाकडी दाबाचा सोऱ्या वेगाच्या बाबतीत पितळीला मागे टाकतो, कारण आटे फिरवायचेच नसतात. पण ओलाव्याने लाकूड फुगतं, दट्ट्या अडकतो, आणि नीट वाळला नाही तर वास धरतो.

पितळेचे दोषही आहेत. नळकांडं तापतं, तेव्हा जाड फडकं हवंच. हाच गुण मानायचा तर पहिल्या भरणीआधी सोऱ्या कढत पाण्यात बुडवून, पुसून, आतून तेलाचा हात फिरवावा. चीक लवकर आळत नाही. दुसरं म्हणजे चीक त्यात ठेवून जेवायला बसायचं नाही. काम झालं की लगेच धुवायचा, नाहीतर कळकतो.

सोऱ्या कितीही चांगला असला तरी चीक बिघडलेला असेल तर तो काही करू शकत नाही. लोकवन गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. उन्हाळ्यात एक दिवस जरी बदलायचं राहिलं तरी आंबूस वास कुरडईत शेवटपर्यंत राहतो. चौथ्या दिवशी वाटून, चोथा पिळून, चीक गाळून रात्रभर ठेवायचा. सकाळी वरची निवळ हलक्या हाताने ओतून टाकायची. खाली बसलेला दाट चीक जेवढा, तेवढंच पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग घालायचं. मग चिकाची बारीक धार सोडत हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच, आणि एक गुठळी जाळीची चार छिद्रं बंद करते. रंग पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत झाकण ठेवून दणकून वाफ द्यायची. ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही तर शिजला. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून उलट सहज पडतो, त्यामुळे फसगत होते. अशा कुरडया वाळल्यावर तडकतात आणि तळताना फुलत नाहीत. (पातेल्याला लागलेला चीक दूध-साखर घालून खायचा असतो. तो धुवून टाकणाऱ्या घरात सोऱ्या देऊच नये.)

भरताना ओल्या चमच्याने दाबत पाऊण भागच भरावा. मध्ये हवा राहिली तर धार फट्‌ करून तुटते. कुरडया सकाळी नऊ-दहाच्या आत घालून झाल्या पाहिजेत, म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण ऊन मिळतं आणि संध्याकाळी त्या उलटता येतात. प्लास्टिकवरून वाळल्यावर त्या आपोआप सुटतात. सुती कापडावरच्या सोडवायला कापडाला मागून पाण्याचा हात लावावा लागतो.

हे सगळं गणित एका माणसाचं नाही. एक जण हाटतो, एक भरतो, एक फिरवतो, एक गच्चीवर पसरतो. म्हणून आमची शिफारस अशी: प्रत्येक घरात एक हलका सोऱ्या घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून दोन दणकट, एकाच मापाचे पितळी सोऱ्या घ्यावेत. एक रिकामा होईतो दुसरा भरलेला असतो, चीक निवत नाही, आणि जाळ्या एकमेकांत बसतात. माप सारखं नसेल तर हा फायदा निम्मा गेला. कुरडयांचे दिवस घरटी मागेपुढे करता येतात, त्यामुळे उन्हाळ्यात ही व्यवस्था सुरळीत चालते. दिवाळीत मात्र सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो. तेव्हा चकलीसाठी घरचा जुना, हलका सोऱ्याच बाहेर काढावा.

विक्रीसाठी मणभर वाळवण करणाऱ्या बचत गटाने हाताच्या सोऱ्याच्या नादी लागू नये, यंत्रच बघावं. वर्षाला किलोभर गव्हाच्याच कुरडया लागत असतील तर ओळखीच्या घरी जाऊन हाटायला हात लावावा आणि वाटा घ्यावा. सोऱ्या विकत घेण्याचं कारण नाही.

धुताना गार पाणी. गरम पाण्याने चिकाची खळ आणखी घट्ट धरते. आट्यांना जुना दात घासायचा ब्रश, छिद्रांना खराट्याची काडी. सुई नको, छिद्र मोठं होतं. चिंच-मिठाने घासून, पुसून, उन्हात वाळवून सुटे भाग सुटेच ठेवावेत. जाळ्या एका तारेत ओवून सोऱ्याच्या मुठीला बांधाव्यात. सोऱ्या घरोघर फिरायला लागला की पहिली हरवते ती कुरडईचीच जाळी, आणि सुटी जाळी नेमक्या त्याच मापाची मिळवणं अवघड जातं. विकत घेतानाच एक जास्तीची मागून घ्यावी.