उलटा दमशेराज की तीन फेऱ्यांच्या चिठ्ठ्या: तीन पिढ्यांच्या बैठकीसाठी एक तुलना

ज्यांनी महाविद्यालयीन सहलींत दमशेराज, म्हणजे न बोलता केवळ अभिनयाने आपल्या गटाकडून नाव ओळखवून घेण्याचा खेळ, मनसोक्त खेळला आहे, त्यांना तो घरगुती बैठकीत का रेंगाळतो हे वेगळे सांगायला नको. चित्रपटांची नावे एका पिढीला तोंडपाठ असतात आणि दुसऱ्या पिढीने ती ऐकलेलीही नसतात. प्रतिस्पर्धी गट गॅलरीत जाऊन एखादे अवघड नाव ठरवीपर्यंत बाकीचे ताटकळत बसतात, आणि ज्यांना चारचौघांत अभिनय करण्याची भीड वाटते ते 'मी नुसता बघतो' असे म्हणून आधीच बाजूला होतात. या अडचणींवर तोडगा म्हणून त्याच खेळाचे दोन बदललेले प्रकार मित्रमंडळींत खेळले जातात. आमच्या मित्रांची कुटुंबे कोजागिरीला आणि दिवाळीच्या सुट्टीत एकत्र जमतात, तेव्हा आठ वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत सगळे एकाच खोलीत असतात, आणि आम्ही हे दोन्ही प्रकार आलटून पालटून खेळत आलो आहोत. त्यांतला कोणता निवडावा, हे बरेचसे बैठकीवर अवलंबून आहे. तरीही निवड करणाऱ्याला उपयोग होईल इतपत फरक मला दिसला आहे.

पहिला प्रकार उलट्या दमशेराजाचा. यात गटातला एकच भिडू ओळखतो आणि उरलेले सगळे मिळून मूक अभिनय करतात. एका मिनिटात जितके शब्द ओळखले जातील तितके गुण मिळतात. दुसरा प्रकार चिठ्ठ्यांचा. प्रत्येकाने चार-पाच चिठ्ठ्यांवर नावे लिहून त्या एका पातेल्यात टाकायच्या आणि त्याच चिठ्ठ्यांवर तीन फेऱ्या खेळायच्या. पहिल्या फेरीत ते नाव न उच्चारता हवे तितके बोलून वर्णन करायचे, दुसऱ्या फेरीत फक्त एक शब्द उच्चारायचा, आणि तिसऱ्या फेरीत तोंड मिटून केवळ अभिनय करायचा. एकेकाची पाळी साधारण ३० सेकंदांची असते. प्रसिद्ध व्यक्तींची नावे चिठ्ठ्यांवर लिहून ओळखण्याचा खेळ पाश्चात्त्य घरांतून आधीपासून चालत होता; पीटर सॅरेट यांनी १९९९ मध्ये 'टाइम्स अप' या नावाने त्याला पेटीबंद रूप दिले. अर्थात घरात कागद, पेन आणि पातेले असताना पेटी विकत घेण्याची गरज पडत नाही.

उलट्या दमशेराजाची खरी ताकद भीड मोडण्यात आहे. पाच जण एकाच वेळी हातवारे करत असतील, तर आपल्याकडे कोणी विशेष लक्ष देऊन पाहत नाही याची प्रत्येकाला खात्री असते. इमारतीत नव्याने राहायला आलेले शेजारी, लग्न होऊन जेमतेम महिना झालेली एखादी वहिनी, किंवा एरवी कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसणारे काका, असे सगळे या खेळात आपोआप ओढले जातात. काही शब्द तर एकट्या माणसाने करून दाखवण्यात काहीच मजा नसते आणि घोळक्याने केले की ते खुलतात: दहीहंडी, वारी, लेझीम, गर्दीच्या वेळची लोकल, लग्नातली पंगत. 'पंगत' या शब्दाला आमच्या गटातले तिघे मांडी घालून बसले, एक जण वाढायला लागला आणि एक जण आग्रह करत मागे मागे फिरू लागला, तेव्हा ओळखायला एक क्षणही लागला नाही. अशा वेळी हा खेळ पाहणाऱ्यांनाही खेळणाऱ्यांइतकाच आनंद देतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही या प्रकारात जुन्या दमशेराजातली एक गोष्ट हरवते, आणि ती मला लहान वाटत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हा खेळ शब्दकोड्याच्या रूपाने सुरू झाला. त्यात शब्दाची अवयवांत, म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांत, फोड करून प्रत्येक अवयवासाठी वेगळे सूचक दिले जाई, आणि अभिनयाची जोड त्याला नंतर, इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत, मोठ्या प्रमाणावर मिळाली. आपण आजही बोटांनी शब्दांची संख्या दाखवतो, मग कितवा शब्द ते सांगतो, कानाची पाळी धरून 'याच्यासारखा ऐकू येणारा शब्द' असे सुचवतो, तेव्हा ती जुनी फोड करण्याची पद्धतच वापरत असतो. उलट्या दमशेराजात पाच जणांनी बोलल्याशिवाय एकमताने ही फोड करणे जवळजवळ अशक्य असते. एक जण दुसरा शब्द दाखवत असतो, दुसरा पूर्ण अर्थ दाखवत असतो, आणि तिसरा आधीच्या दोघांना खुणेने थांबवत असतो. त्यामुळे एका झटक्यात साकार होणारे शब्दच या खेळाला मानवतात. लांब म्हणी आणि माणसांची नावे त्याला पेलत नाहीत.

माणसांच्या नावांपाशीच माझा निर्णय झाला. एकदा आम्ही उलट्या दमशेराजात 'खाशाबा जाधव' हे नाव ठेवले होते. ओळखण्याचे राज्य एका मित्राच्या अकरावीतल्या मुलीवर होते. आमच्यापैकी दोघे झुंजू लागले, एकाने शड्डू ठोकला, एकाने हवेत पाच वर्तुळे काढली, आणि एकाने तिसऱ्या पायरीवर उभे राहून गळ्यात पदक घालून घेतले. याहून चांगला अभिनय करता आला असता असे मला आजही वाटत नाही. मुलगीही हुशार, तिने कुस्ती, पैलवान, ऑलिंपिक, कांस्यपदक, सगळे अचूक सांगितले. पण नावच तिच्या कानावर कधी आलेले नव्हते, आणि आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मिनिट संपले, नाव जाहीर झाले, तिने 'मला माहीतच नव्हते' असे म्हटले आणि लगेच पुढच्या गटाची पाळी सुरू झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा माणूस कराडजवळच्या गोळेश्वरचा होता, हे तिला सांगण्यासाठी त्या खेळात जागाच नव्हती.

मिश्र वयाच्या बैठकीत असे वारंवार होते, आणि दोन्ही दिशांनी होते. मुलांनी सुचवलेला शब्द आजींना माहीत नसतो, आजींनी सुचवलेला मुलांना माहीत नसतो. नेहमीच्या दमशेराजात निदान सगळा गट ओळखत असल्याने कोणाला ना कोणाला नाव ठाऊक असण्याची शक्यता असते. उलट्या प्रकारात ओळखणारा एकटाच असल्याने ती शक्यताही उरत नाही. अभिनयाची भीड पाच जणांत वाटली जाते हे खरे, पण न ओळखता येण्याचा संकोच मात्र सगळा एकाच्या वाट्याला येतो. तरुणांना त्याचे फारसे काही वाटत नसेलही. वडीलधाऱ्यांना वाटते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे, आणि त्यानंतर ते पुन्हा ओळखायला पुढे येत नाहीत हेही पाहिले आहे. यावर उपाय म्हणून सर्वांना ठाऊक असलेलेच शब्द निवडावेत असे कोणी सुचवील. आम्ही ते करून पाहिले. मग कुत्रा, विमान, पाऊस असे शब्द उरतात आणि मोठ्यांचा रस पंधरा-वीस मिनिटांत संपतो.

चिठ्ठ्यांच्या खेळात हीच अडचण पहिल्या फेरीत सुटते. पुढे एका कोजागिरीला तेच नाव पातेल्यात पडले. वर्णन करणाऱ्या आजोबांनी ऑलिंपिक, हेलसिंकी, कराड, कांस्यपदक, सगळे भरभर सांगितले; त्यांच्या गटातल्या एका मावशींनी नाव ओळखले, आणि खोलीतल्या प्रत्येक मुलाने ते ऐकले. दुसऱ्या फेरीत ती चिठ्ठी एका सातवीतल्या मुलाच्या हाती आली, त्याने फक्त 'हेलसिंकी' म्हटले आणि उत्तर आले. तिसऱ्या फेरीत मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला की पुरे झाले. ज्या नावाने आधीच्या खेळात एका मुलीला गप्प बसवले होते, ते या खेळात तासाभरात सगळ्यांचे झाले.

चिंतामणराव देशमुखांच्या नावाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे, एवढे वर्णन पहिल्या फेरीत झाले, की दुसऱ्या फेरीत 'राजीनामा' हा एक शब्द पुरतो आणि तिसऱ्या फेरीत कागदावर सही करून तो समोरच्याच्या हाती ठेवला की भागते. उलट दिशेचा अनुभवही तितकाच चांगला आहे. एका मुलाने 'माइनक्राफ्ट' असे लिहिले होते. पहिल्या फेरीत त्याने ठोकळ्यांचे जग, खाणकाम, रात्री येणारी भुते असे बरेच काही समजावले, आणि दुसऱ्या फेरीत त्याच्या आजींनी 'ठोकळे' म्हणून तीच चिठ्ठी आपल्या गटाकडून ओळखवून घेतली. वयस्कर मंडळींच्या स्मरणशक्तीची काळजी काहींना वाटेल. माझा अनुभव असा, की जे नाव स्वतः समजावले किंवा ज्याचे नवल वाटले, ते ही मंडळी शेवटच्या फेरीपर्यंत विसरत नाहीत.

या खेळाचे दोष सांगितले नाहीत तर तुलना अपुरी राहील. चिठ्ठ्या लिहायला पंधरा मिनिटे सहज जातात आणि लहान मुले तेवढ्यात कंटाळतात. अक्षर वाईट असेल तर ऐन ३० सेकंदांत चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचत बसावे लागते. म्हणून नाव मोठ्या अक्षरांत लिहावे आणि खाली लहान अक्षरांत ते कोण किंवा काय आहे हे दोन-तीन शब्दांत लिहावे, असा नियमच आम्ही केला आहे. सर्वांत मोठी अडचण उशिरा येणाऱ्यांची आहे. पहिली फेरी ज्याची चुकली, त्याला पुढच्या दोन फेऱ्यांत काय चालले आहे ते कळत नाही, आणि आपल्याकडच्या बैठकीत कोणीतरी उशिरा येते, कोणीतरी दूध आटवायला किंवा ताटे घ्यायला मध्येच उठते. उलट्या दमशेराजात कोणी कधीही आले आणि कधीही उठून गेले तरी बिघडत नाही. परदेशात वाढलेली भाचरे सुट्टीत आलेली असतील तर पहिल्या फेरीतले भरभर मराठी वर्णन त्यांना जड जाते, हेही खरे. आम्ही त्यांना हव्या त्या भाषेत बोलण्याची मुभा देतो, आणि त्याने रंग कमी झालेला नाही.

बाकीचे फरक मला दुय्यम वाटतात. उलट्या दमशेराजाला मोकळी जागा लागते, म्हणजे शहरातल्या घरात मधले टेबल हलवावेच लागते; चिठ्ठ्यांचा खेळ बसल्या जागी होतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची सोय होते. उलट्या प्रकाराला निदान आठ माणसे हवीत, नाहीतर घोळक्याचा अभिनय हा त्याचा गाभाच राहत नाही. चिठ्ठ्या चौघांतही खेळता येतात. कपाळावर मोबाइल धरून ओळखण्याचा जो प्रकार 'हेड्स अप' या अ‍ॅपमुळे २०१३ नंतर पसरला, तो मी या तुलनेत घेतलेला नाही, कारण ज्या बैठकीत फोन बाजूला ठेवावेत अशी इच्छा असते तिथे तो फोनच मध्यभागी आणतो.

मुलांचा वाढदिवस असेल, पंधरा-वीस मुले असतील, किंवा एकमेकांना न ओळखणारी माणसे प्रथमच भेटत असतील, तर उलटा दमशेराज निवडण्यात काहीच चूक नाही, आणि जेवणाआधी, माणसे एकेक करून येत असताना, तोच सोयीचा पडेल. पण जेवणे उरकली आहेत, सगळे स्थिरावले आहेत, हाताशी तासभर आहे आणि खोलीत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे आहेत, अशी बैठक ज्यांच्या मनात आहे त्यांनी एकदा चिठ्ठ्या लिहून पाहाव्यात असे मी आग्रहाने सुचवीन. एक पथ्य मात्र पाळावे. गट पाडताना मुले एका बाजूला आणि मोठे दुसऱ्या बाजूला असे करू नये. प्रत्येक गटात दोन्ही वयांची माणसे असावीत, आणि आजीच्या शेजारी शक्यतो तिचे नातवंड न बसवता दुसऱ्या घरचे मूल बसवावे. स्वतःच्या नातवंडाला ती अर्ध्या वाक्यात समजावते, दुसऱ्याच्या मुलासाठी मात्र गोष्ट मुळापासून सांगते, आणि पहिल्या फेरीत नेमके तेच हवे असते.