गोल्फची इम्पॅक्ट मॅट, सात-आठ महिने वापरल्यावर: आयर्न सुधारलं, कंबरेची वाट लागली, वॉरंटीचं विचारू नका

क्लब (गोल्फची काठी) आपटल्यामुळे मॅट झिजली तर ते 'वेअर अँड टिअर', वॉरंटीत बसत नाही, असं मला कस्टमर केअरने लेखी कळवलंय. आता ही मॅट विकतातच क्लब आपटायला, तिच्यावर मी दुसरं काय आपटायचं होतं, धुणं? त्याआधी आठवडाभर नुसतं 'डिअर कस्टमर, अनबॉक्सिंग व्हिडिओ शेअर करा' चाललं होतं. आमच्या घरात मुंजीचं शूटिंग धड झालं नाही, अडीच हजाराच्या मॅटचं खोकं उघडताना कोण कॅमेरा धरणार. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण चार-पाच नावांनी हीच मॅट मिळते आणि मला वाटतं सगळ्या एकाच कारखान्यातून येत असाव्यात.

मॅट कशी असते ते रील्समध्ये बघितलं असेलच. वर लवदार कापड, एकीकडून हात फिरवला की गडद, उलटा फिरवला की फिकट, त्यामुळे क्लब घासून गेला की पट्टा उमटतो. बॉलच्या मागे पट्टा सुरू झाला तर फॅट, म्हणजे क्लब आधी जमिनीला लागला, पुढे सुरू झाला तर शाब्बास, तिरका आला तर पाथ, म्हणजे क्लबची वाट, तिरका. बॅटरी नाही, ॲप नाही आणि दर महिन्याला पैसे कापणारं सबस्क्रिप्शन नाही, खरं तर मी घेतली ती या शेवटच्या मुद्द्यावरच.

माझं दुखणं जुनं आहे. सेव्हन आयर्नने (लोखंडी डोक्याचा, मधल्या अंतराचा क्लब) मारलेला बॉल वर जायचा भरपूर, पुढे जायचा नाही, आणि जाता जाता उजवीकडे मान टाकायचा. गंमत म्हणजे रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सगळं छान दिसायचं. तिथल्या नायलॉनच्या मॅटवर बॉलच्या दोन बोटं मागे आपटलं तरी क्लब घसरून पुढे जातो, आवाजही बरा येतो, बॉलही बऱ्यापैकी उडतो, आपण खूश होऊन बॉलची दुसरी बकेट घेतो. तोच शॉट येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर फेअरवेच्या गवतावर मारला, त्यातून पावसाळ्याचे दिवस असले, की क्लब मातीत रुततो आणि बॉल थोडा पुढे जाऊन आपली वाट बघत बसतो. बॅग उचलणाऱ्या कॅडींना हे सगळ्यात आधी कळतं. आमचा कॅडी फक्त 'सर, आधी जमीन घेताय' म्हणायचा आणि बॅग उचलून चालायला लागायचा.

आयर्नने बॉल उचलायचा नसतो, खाली मारायचं, वर न्यायचं काम लॉफ्टचं (क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन), हे सगळ्यांना पाठ असतं. ट्रॅकमॅन या शॉट मोजणाऱ्या रडारचे पीजीए टूरचे (पुरुष व्यावसायिकांचे) जे सरासरी आकडे वर्षानुवर्षं फिरतायत त्यात सेव्हन आयर्नचा अटॅक अँगल उणे 4.3 अंश आहे, म्हणजे क्लब खाली येता येताच बॉलला लागतो. क्लब स्पीड ताशी 90 मैल, बॉल निघतो 16.3 अंशांनी, स्पिन सात हजार आरपीएमच्या वर, उंची 32 यार्ड, म्हणजे नऊ-दहा मजली बिल्डिंग झाली, आणि कॅरी, म्हणजे हवेतून कापलेलं अंतर, 172 यार्ड. आमच्यासारख्यांनी खरं तर एलपीजीएचा, म्हणजे महिला व्यावसायिकांचा, तक्ता बघावा, तिथे क्लब स्पीड 76, अटॅक उणे 2.3, तरी कॅरी 141 यार्ड. म्हणजे ताकदीचा प्रश्न आपण समजतो तेवढा नसतो. त्या लोकांचे हात इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागताना, बॉलच्या पुढे गेलेले असतात, शाफ्ट (क्लबचा दांडा) टार्गेटकडे झुकलेला असतो, त्यामुळे क्लबवरचा लॉफ्ट कमी होतो आणि स्विंगचा सगळ्यात खालचा पॉइंट बॉलच्या पुढे काही इंचांवर पडतो. माझी मनगटं ऐनवेळी मोडायची, वजन उजव्या पायावर राहायचं, लॉफ्ट वाढायचा आणि खालचा पॉइंट मागे सरकायचा. म्हणून बॉल उंच आणि पोकळ.

कोच हेच सांगत होता, पण ऐकणं वेगळं आणि पट्टा समोर दिसणं वेगळं. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास, तेवढ्यात आपल्याला काय कळणार, पण मॅटवर पुरावा राहतो. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर स्पंजचा बॉल ठेवून मारलं तर पट्टा बॉलच्या चांगला वीतभर मागून सुरू. मग फुल स्विंग बंद केला आणि कंबरेएवढाच हात नेऊन, खाली यायच्या आधी डाव्या पायावर दाब द्यायचा, छाती बॉलवर ठेवायची, एवढंच करत राहिलो. महिन्याभरात पट्टा बॉलच्या रेषेपर्यंत सरकला, दिवाळीनंतर पुढे. कोर्सवरही डिव्हट, म्हणजे क्लबने उखडलेल्या गवताचा खड्डा, बॉलच्या पुढे पडायला लागला, बॉल आधीपेक्षा खालून निघतो, नंतर वर चढतो आणि ग्रीनवर पडल्यावर थांबतो. सेव्हन आयर्नने जिथे पोचत नव्हतो तिथे आता त्याहून कमी अंतराचा एट आयर्न नेतो, वाऱ्यात तर फरक अजून जाणवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. प्रत्येक शॉटनंतर खाली वाकून हाताने लव परत सारखी करावी लागते! ही गोष्ट एकाही रील्समध्ये दाखवत नाहीत, कारण ते एकच शॉट मारतात आणि कट. आपण तासभर उभं राहिलं की मारणं कमी आणि वाकणं जास्त. मला मणक्याचा जुना त्रास आहे, पहिल्या आठवड्यात आयोडेक्सची बाटली निम्मी संपली. कंपनीने दोनशे रुपयांचा लांब दांड्याचा ब्रश सोबत दिला असता तर काय बिघडलं असतं, पण नाही, त्याऐवजी खोक्यात दोन प्लास्टिकच्या टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) आणि एक स्टिकर. आयर्नच्या मॅटला टी कशाला हे त्यांनाच ठाऊक. शेवटी घरचा कपड्यांचा ब्रश तुटक्या पटरच्या शाफ्टला टेपने गुंडाळला, तेव्हा कुठे सुटका. जमवाजमवीचा खर्च फक्त टेपचा, पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की मॅट डिझाइन करणारा माणूस कधी तिच्यावर सलग अर्धा तास उभा राहिलेला नाही.

हे सगळं रागाने मी रिव्ह्यूमध्ये टाकणारही होतो, पण ब्रश आल्यावर एक वेगळंच लक्षात आलं. वाकणं थांबलं तसा मी पटापट मारायला लागलो, रेंजवर मारतो तसंच, एकामागून एक, पट्ट्याकडे नीट न बघता, आणि तो परत मागे सरकायला लागला. वाकताना नाइलाजाने तोंड मॅटजवळ जायचं त्यामुळे पट्टा कुठे सुरू झाला, टोकाला रुंद आहे की अरुंद, सगळं दिसायचं. म्हणून आता ब्रश ठेवलाय पण दर थोड्या शॉट्सनी मुद्दाम वाकतो. कंपनीला याचं श्रेय देणार नाही, त्यांनी हे विचार करून केलेलं नाहीये.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती उंचीची. मॅट जाड असते, आपण उभे फरशीवर, म्हणजे बॉल पायांपेक्षा वर. त्यामुळे पट्टा उगाच मागून आणि जड दिसतो आणि बॉल डावीकडे ओढला जातो, आपण मात्र स्विंगला शिव्या घालतो. बोहरी आळीतून मॅटच्या जाडीचा प्लाय कापून आणला आणि पायाखाली टाकला, त्याच दिवशी पट्टा सुधारला, स्विंगमध्ये काहीही न बदलता. घेणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा. पातळ मॅट मात्र घेऊ नका, फरशीवर आयर्न आपटला की कोपराला झिणझिण्या येतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. त्या आल्या होत्या. आता संध्याकाळी सात ते आठ एवढी परवानगी आहे.

झिजण्याचं सांगायचं तर कापड बरोबर बॉलच्या मागे टक्कल पडल्यासारखं गेलं, म्हणजे माझे सुरुवातीचे महिने तिथे कायमचे नोंदवले गेलेत. कस्टमर केअरने 'नवीन घेतल्यास दहा टक्के सूट' अशी ऑफर दिली तेव्हा मी फोन ठेवला आणि मॅट उचलून आमच्या कोपऱ्यावरच्या कुशनवाल्याकडे नेली. तो आधी हसला, मग क्लब मागवून स्वतः एकदा घासून बघितला, म्हणाला लवीचं कापड सगळं सारखं नसतं, सोफ्याचं उभ्या लवीचं घ्या, पडद्याचं नको, आणि लव टार्गेटकडून तुमच्याकडे येईल अशी लावतो म्हणजे क्लब उलटा घासेल आणि पट्टा गडद येईल. साडेतीनशे रुपयांत कापडासकट काम. पट्टा पहिल्यापेक्षा किंचित फिका दिसतो, सँड वेजला (वाळूतून मारायचा क्लब) तर शोधावा लागतो, पण सेव्हन आयर्नला झकास. दोन महिने झाले, टिकलंय. ओरिजिनलपेक्षा बरं टिकलंय म्हटलं तरी चालेल.

आता मॅटला काय कळत नाही ते. बॉल सुरुवातीला कुठे निघणार हे मुख्यतः क्लबफेस (क्लबचं बॉलला लागणारं तोंड) ठरवतो, पाथ नाही, आणि फेसचं मॅटला काहीही कळत नाही. पट्टा सरळ आला आणि बॉल उजवीकडे गेला तर मॅटवर चिडू नका. बॉल फेसच्या आतल्या टोकाला लागला की बाहेरच्या (हील-टो) हे बघायला फेसवर टाल्कम पावडर शिंपडा, बॉलचा ठसा दिसतो. आणि ज्यांना पैसे घालवायचेच नाहीत त्यांनी प्रॅक्टिस बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, वाळूत रेघ मारावी, बॉल न ठेवता रेघेवर स्विंग करावा, वाळू रेघेच्या पुढे उडाली पाहिजे. खालच्या पॉइंटसाठी मॅटही हेच सांगते आणि वाळू फुकट आहे. मी मॅट घेतली कारण बंकर गच्चीवर नाही.

मॅटला पाचपैकी साडेतीन, सर्व्हिसला शून्य द्यायची सोय नव्हती म्हणून एक. आणि हो, पावसाळ्यात ती बाहेर ठेवू नका, खालचं रबर ओलं झालं की टाइलवर काळा डाग पडतो, फिनेलने जात नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकलाय.