रागावरच्या तीन संध्याकाळच्या सभा : जाऊन आलेल्याचा अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘राग’ या एकाच विषयावर तीन संध्याकाळी बायबल अभ्यास झाला. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं. मंडळी लहान, तीस-पस्तीस घरांची. शिकवायला आलेले पाळकसाहेब निवृत्त, सत्तरीच्या पुढचे. यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी शाळा, १९८३ साली पुण्याला गेली, त्याच्या आधी तिथं शिकलेले. आणखी दोन गावच्या मंडळ्या त्यांना बोलावणार आहेत असं ऐकलं. तिथल्या लोकांनी जावं की नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो.

जा. कापूस वेचणीचे दिवस असले तरी जा.

मी गेलो त्याचं कारण माझा धुरा, म्हणजे वावराचा बांध. चार वर्षांपूर्वी दादाच्या वावरात रोटाव्हेटर फिरला आणि आमच्या दोघांमधला धुरा हात-दीड हात कोरल्या गेला. बोलाचाली झाली, ती वाढत गेली. ‘तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये’ हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन मला संडे स्कूलपासून पाठ आहे. पाठ असून चार वर्षांचे सूर्य मावळले.

पहिल्या दिवशी त्यांनी उत्पत्तीचा चौथा अध्याय घेतला. काइन आणि हाबेल. ही गोष्ट आम्ही काइनानं हाबेलाला मारलं, अशी खुनाची म्हणून ऐकलेली. पाळकसाहेब खुनाच्या अलीकडेच थांबले. काइनाचं तोंड उतरलं होतं तेव्हाच देव त्याच्याशी बोलला, तू का संतापलास म्हणून विचारलं, पाप दाराशी टपून बसलं आहे म्हणून सावध केलं. म्हणजे राग आला तेवढ्यानं देवानं काइनाला टाकलं नाही, उलट त्याच्याजवळ येऊन बोलला. मग साहेब सहज म्हणाले, “काइन शेतकरी होता, बरं का. आणि मामला दोघा भावांचा.” मी मान वर केली नाही.

दुसरा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटला. रागाचं समर्थन करायचं म्हटलं की आम्ही पुरुष मंडळी लगेच येशूनं मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं तो दोऱ्यांचा कोरडा काढतो. प्रभू येशूसुद्धा रागावला होता म्हणतो. साहेबांनी तो उतारा बाजूला ठेवला आणि मार्कचा तिसरा अध्याय उघडला. शब्बाथाचा दिवस, सभास्थानात हात वाळलेला एक माणूस, आणि येशू त्याला बरं करतो का हे बघायला टपलेले लोक. येशू त्यांच्याकडे रागानं बघतो, पण त्यांची मनं कठीण झाली म्हणून त्याच वचनात खिन्नही होतो. आणि लगेच त्या माणसाला म्हणतो, हात लांब कर. साहेबांनी विचारलं, “तुम्हाला राग आला तेव्हा समोरच्यासाठी वाईटही वाटलं काय? आणि तो राग कोणासाठी होता, दुसऱ्यासाठी का स्वतःसाठी?” माझा राग दीड हात मातीसाठी होता. दादासाठी मला एक दिवस वाईट वाटलं नव्हतं.

मग सगळ्यांना वहीचं अर्धं पान दिलं. रागात तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, सुधारून नाही, कोणाला दाखवायचंही नाही. पेन कमी, म्हणून एकमेकांचे घेतले. मी लिहिलं, “तुह्या घरचं पाणी बी पिणार नाही मी आता.” हे मी मायच्या तेरवीला बोललो होतो, पाहुण्यांसमोर. कागदावर स्वतःच्याच अक्षरात ते वाचवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी इफिस आलं. राग येणं वेगळं, पाप करणं वेगळं, हे त्या वचनातच आहे. यहुदी लोकांचा दिवस सूर्य मावळला की संपतो आणि तिथूनच पुढचा सुरू होतो, म्हणून आजचा राग उद्यात न्यायचा नाही. हे मला नवीन होतं. जोडीला मत्तयचा पाचवा : वेदीशी अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची हे तिथं विचारलेलं नाही. सुगीच्या सणाला मी दरवर्षी कापसाचं गाठोडं वेदीपुढं ठेवतो, त्याच वावरातल्या कापसाचं.

आता जे कमी पडलं ते. सभा सातची, आणि आमच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईन, म्हणजे शेतीपंपाची वीज रात्रीच. हरभऱ्याला पाणी द्यायला निम्मे पुरुष मधूनच उठून गेले. बायांचं तर फारच अवघड. दिवसभर वेचणी, मग घरचा सयपाक, आणि सभेनंतरच्या आलू-वांग्याच्या भाजीचे गंजही त्यांनीच उचलायचे. पुढच्या मंडळ्यांनी हे काम पुरुषांकडे द्यावं.

मोठी उणीव दुसरीच. तिसऱ्या दिवशी मागून एका बाईनं विचारलं, “नवरा पिऊन मारते, मंग म्या रोज सूर्य मावळायच्या आत माफ करू काय?” साहेब म्हणाले, क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे, तिनं आधी सुरक्षित जागी जावं. उत्तर बरोबर होतं, पण दोन मिनिटांत आटोपलं आणि गीत सुरू झालं. मला ते खटकलं. क्षमेची वचनं आमच्याकडे बायांच्याच गळ्यात घालायची सवय आहे. तीनातली एक पूर्ण संध्याकाळ या प्रश्नाला हवी होती, आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर समोर फळ्यावर लिहायला पाहिजे होता. मी साहेबांना नंतर भेटून हे बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वहीत टिपून घेतलं.

फी नाही. दानपेटी असते, जमेल ते टाकावं. बायबल आपलं आपण न्यावं, मोठ्या अक्षराचं असेल तर बरं, उजेड कमी असतो. पेन न्या.

शेवटच्या दिवशी निघताना साहेब म्हणाले होते, आजचा सूर्य तर मावळला, उद्याचा आहे. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी धुऱ्यावरून दादाच्या वावरात उतरलो. तो पऱ्हाटीत वाकलेला होता. मला बघून उभा राहिला, कमरेचं फडकं सोडलं, तोंड पुसलं. मी जे ठरवून गेलो होतो त्यातलं एकही वाक्य निघालं नाही. नुसतं म्हटलं, “दादा, तेरवीले मी बोललो ते चुकलं माह्यं.”

तो काही बोलला नाही. निंबाखालच्या मडक्यातून गिलासभर पाणी काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

“थंडं आहे. पे.”

धुऱ्याचं अजून मिटलं नाही. रविवारी उपासना झाल्यावर दोघं दोरी घेऊन मोजणार आहोत.